परदेशातून रोप, बी किंवा कंद आणायचाय? बडोद्यातल्या बागवाल्यांसाठी पायरीपायरीने माहिती

दिवाळी उलटली की बडोद्यात परदेशातल्या मुलाबाळांच्या येण्याचे बेत ठरायला लागतात. फोनवर “येताना काय आणू?” असं विचारलं जातं आणि आपल्यातले बागवाले लगेच सांगतात, “तिकडच्या फुलांचं बी आण, चार कंद आण. बॅगेत कुठेही मावतात.” मावतात हे खरं आहे. पण लागवडीसाठी आणलेलं बी, कंद, कलम किंवा रोप कितीही थोडं असलं तरी भारतात शिरताना त्याला दोन कागद लागतात: आपल्या सरकारचं आयात परमिट आणि ज्या देशातून माल निघाला तिथल्या सरकारी यंत्रणेचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे मालात रोग-कीड नसल्याचा दाखला. व्यवहारात सगळे त्याला नुसतं ‘फायटो’ म्हणतात.

मी बडोद्यात छोटी नर्सरी चालवते. थायलंडहून डेंड्रोबियम ऑर्किडची रोपं रीतसर मागवताना कोणता कागद आधी, कोणता नंतर, कोणाकडून आणि कोणत्या नावाने, हे मला तुकड्यातुकड्यांनी गोळा करावं लागलं. तेच इथे क्रमाने लिहिते आहे. दुसरी पायरी मुद्दाम लांबलचक ठेवली आहे. ती कोणत्याही फॉर्ममध्ये विचारली जात नाही, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच आहे.

१. झाडाचं शास्त्रीय नाव पक्कं करा

‘पर्पल क्वीन’, ‘स्नो प्रिन्सेस’ असल्या दुकानी नावांनी काहीच पुढे सरकत नाही. सगळे नियम, सगळ्या याद्या शास्त्रीय नावावर चालतात. विक्रेत्याकडून प्रजातीसकट पूर्ण नाव लेखी मागा, रोमन लिपीत, अचूक स्पेलिंगसह. संकरित जात असेल तर तिचे पालक कोणते तेही विचारा. परमिटवर एक नाव आणि फायटोवर त्याच झाडाचं जुनं पर्यायी नाव, असं झालं तरी माल अडतो. जो विक्रेता शास्त्रीय नाव देऊ शकत नाही, त्याच्याकडून झाड घेऊ नका.

२. हे झाड कुंडीबाहेर पडलं तर काय करील?

परदेशी झाड म्हणजे वाईट झाड, असं मुळीच नाही. मिरची, बटाटा, टोमॅटो, पेरू, पपई, सगळे बाहेरूनच आले. आपल्या बडोद्याला तर बागांची परंपराच आहे. सयाजीराव महाराजांनी कमाटीबाग १८७९ साली उभी केली, आणि लंडनच्या क्यू उद्यानात घडलेले जर्मन बागतज्ज्ञ गुस्ताव्ह क्रुम्बिगल बंगळूर-म्हैसूरला जाण्याआधी बडोदे संस्थानाच्या नोकरीत होते. देशोदेशींची झाडं जमवण्याची हौस आपल्या गावात मुरलेली आहे आणि मला तिचा अभिमान वाटतो.

जैवविविधतेवरच्या आंतरराष्ट्रीय मंचाने, म्हणजे आयपीबीईएसने, २०२३ साली जो अहवाल दिला त्यात माणसाने इकडून तिकडे नेलेल्या ३७,००० हून जास्त प्रजाती मोजल्या आहेत. त्यातल्या ३,५०० हून जास्त प्रजाती घातक आक्रमक ठरल्या. यात प्राणी, झाडं, सूक्ष्मजीव सगळे आले. म्हणजे दहातली एखादीच घात करते, पण ती नंतर आवरत नाही.

आपल्या आसपासचीच नावं बघा. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेचं झुडूप म्हणून आली. आज देशभरच्या जंगलांत तिने खालचं गवत मारून टाकलंय. जलपर्णी दक्षिण अमेरिकेची, तीही तिच्या जांभळ्या फुलांच्या देखणेपणामुळे जगभर नेली गेली. आता विश्वामित्रीच्या पात्रात तिचा हिरवा थर आपण पुलावरून पाहतो. गाजरगवताची पुण्यात १९५५ साली नोंद झाली. ते अमेरिकेतून आलेल्या धान्याबरोबर आलं असं सर्रास सांगितलं जातं. त्याला काँग्रेस गवतही म्हणतात. वेडी बाभूळ, गुजरातीत गांडो बावळ, कच्छच्या बन्नी भागात १९६०च्या दशकात वनखात्यानेच लावली. रणाचा खारटपणा पुढे सरकू नये, हा हेतू चांगला होता. पण तिने बन्नीच्या नामांकित गवताळ रानाचा मोठा भाग गिळला आणि मालधाऱ्यांच्या, म्हणजे तिथल्या पशुपालकांच्या, गुरांची चराई आक्रसली.

अगदी अलीकडचं उदाहरण कोनोकार्पसचं. पटकन वाढतो, बारा महिने हिरवा, गुरं तोंड लावत नाहीत, म्हणून रस्त्यांच्या दुभाजकांवर आणि सोसायट्यांच्या कुंपणांना त्याची भिंतच्या भिंत लावली गेली. त्याच्या परागकणांचा लोकांना होणारा त्रास आणि मुळांनी पाइपलाइनी, केबली, गटारं यांचं होणारं नुकसान ही कारणं देऊन गुजरात सरकारने २०२३ साली त्याच्या लागवडीवर बंदी घातली.

या यादीतली घाणेरी आणि जलपर्णी कुणी चोरून आणल्या नाहीत. त्या हौसेने, उघडपणे, रसिक माणसांनी आणल्या. आपली आयात-तपासणी मुख्यतः झाडाबरोबर येणारे रोग, किडी आणि तणांचं बी रोखण्यासाठी उभी आहे. शोभेचं झाड स्वतःच उद्या तण होईल का, हा प्रश्न तिथल्या टेबलावर क्वचितच येतो. म्हणून तो आपण विचारायचा. कसा विचारायचा ते सांगते.

सगळ्यात खात्रीचा पुरावा एकच: हे झाड आपल्यासारख्या हवेच्या दुसऱ्या देशात डोईजड झालंय का? आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा आक्रमक प्रजातींचा जागतिक माहितीसंग्रह आणि कॅबी या संस्थेचा संग्रह इंटरनेटवर फुकट पाहता येतो. शास्त्रीय नाव टाकायचं आणि वाचायचं. ऑस्ट्रेलिया बाहेरची वनस्पती देशात घेण्याआधी ४९ प्रश्नांची तण-जोखीम तपासणी करतो, आणि त्यात ‘इतरत्र तण झालंय का’ याला मोठं वजन आहे.

मग झाडाचा स्वभाव पाहा. फळं पक्षी खातात का? बी वाऱ्यावर उडतं का? तुटलेली फांदी जमिनीवर पडली तर तिथेच मूळ धरते का? पाण्यावर तरंगून जातं का? पहिल्याच वर्षी बी धरतं का? शेळी त्याला तोंड लावते का? विक्रेत्याच्या जाहिरातीत ‘काहीही न करता वाढतं’, ‘कुठेही येतं’, ‘कीड लागत नाही’ असं लिहिलेलं असेल तर मी तिथेच थांबते.

पाणवनस्पतींबाबत माझं मत कडक आहे. मत्स्यटाकीसाठी किंवा कमळकुंडासाठी परदेशातून तरंगणारं झाड बडोद्यात आणू नये. आपलं शहर विश्वामित्रीच्या काठावर आहे. २०२४च्या ऑगस्टमध्ये नदीचं पाणी सोसायट्यांच्या तळमजल्यांत शिरलं तेव्हा अंगणातल्या कुंड्या, टाक्या, कुंडं त्या पाण्याबरोबर गेली. एखाद्याच्या टाकीतलं झाड एका रात्रीत नदीत पोचतं आणि तिथून पुढे कुठवर जाईल हे कोणी सांगू शकत नाही.

वेडेलियाचंही सांगून ठेवते. पिवळ्या फुलांचं, जमिनीवर पसरणारं हे झाड आपल्याकडे लॉनच्या जागी लावतात. नर्सरीत सहज मिळतं, आणि आययूसीएनने जगातल्या सगळ्यात वाईट १०० आक्रमक प्रजाती निवडल्या त्यात त्याचा समावेश आहे. नर्सरीत मिळतं म्हणजे निर्धोक असतं, असं नाही.

३. ते भारतात आधीच मिळतं का?

बहुतेक वेळा मिळतं. पुणे, बंगळूर, कालिम्पाँग, केरळ इथल्या नर्सऱ्यांकडे ऑर्किड, अँथुरियम, कंद, कॅक्टस यांचा मोठा साठा असतो आणि त्यातलं बरंचसं रीतसर आयात होऊन इथेच वाढवलेलं असतं. एक-दोन रोपांसाठी परमिट, तपासणी, एजंटची फी असा खटाटोप परवडत नाही. हौसेपुरतं हवं असेल तर इथेच थांबा. नर्सरीसाठी किंवा चार-पाच जणांनी मिळून मागवायचं असेल तरच पुढे वाचा.

४. नियमातली आपली यादी शोधा

आधार कायदा १९१४चा आहे, विनाशकारी कीटक आणि कीड अधिनियम. त्याखाली २००३ साली निघालेला वनस्पती क्वारंटाइन आदेश आज लागू आहे. त्याच्या शेवटी अनुसूची आहेत, आणि तुमचं झाड कोणत्या अनुसूचीत येतं यावर सगळं ठरतं. चौथीत: त्या देशातून आणायला बंदी. पाचवीत: फक्त ठरावीक संस्थांनाच परवानगी. सहावीत: अटींसह परवानगी, आणि बहुतेक लागवडीचा माल इथे सापडतो. सातवीत खाण्याचा आणि प्रक्रियेचा माल. आठवीत तणांची यादी, ज्यांचं बी मालात सापडता कामा नये.

यादी झाड अधिक देश अशी वाचायची असते. तेच झाड थायलंडहून चालतं आणि दुसऱ्या देशातून चालत नाही, असं होतं. सहावीच्या रकान्यात ‘अतिरिक्त घोषणा’ असतात, म्हणजे अमुक कीड किंवा अमुक विषाणू नाही असं त्या देशाने लिहून द्यायचं. तो मजकूर जसाच्या तसा उतरवून ठेवा, सहाव्या पायरीला लागेल.

झाड कोणत्याच यादीत नसेल तर ते मोकळं आहे असा अर्थ काढू नका. तेव्हा आधी कीड-जोखीम विश्लेषण, म्हणजे त्या झाडाबरोबर कोणत्या किडी-रोग येऊ शकतात याचा सरकारी अभ्यास, व्हावा लागतो आणि तो लांबतो. अनुसूचींमध्ये वेळोवेळी दुरुस्त्या होतात. म्हणून कुणीतरी व्हॉट्सअपवर पाठवलेली जुनी पीडीएफ वापरू नका, केंद्राच्या वनस्पती संरक्षण संचालनालयाच्या संकेतस्थळावरची चालू प्रत घ्या.

ऑर्किड, कॅक्टस, सायकस यांना आणखी एक कुंपण आहे: साइटिस, म्हणजे दुर्मीळ प्रजातींच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार. ऑर्किडचं सगळं कुळ त्यात येतं, पण नर्सरीत वाढवलेल्या काही संकरित जातींना आणि बाटलीतल्या ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चरच्या) रोपांना सवलती आहेत. तुमच्या मालाला त्या लागू पडतात का ते विक्रेत्याकडून लेखी घ्या. २०२२च्या दुरुस्तीनंतर आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही साइटिसचं स्वतंत्र प्रकरण आलं. त्याच दुरुस्तीने केंद्र सरकारला आक्रमक परदेशी प्रजातींची आयात, विक्री, बाळगणं आणि वाढवणं यांवर बंदी घालण्याचा अधिकार मिळाला. म्हणजे आज दुकानात मिळणारं झाड उद्या घरात ठेवणंही नियमाबाहेर जाऊ शकतं.

५. परमिट काढा, मालाची ऑर्डर नंतर

अर्ज वनस्पती क्वारंटाइनच्या पीक्यूएमएस पोर्टलवर होतो. हे काम केंद्रीय कृषी मंत्रालयाच्या वनस्पती संरक्षण, क्वारंटाइन आणि साठवण संचालनालयाकडे असतं, मुख्यालय फरीदाबादला. जवळ ठेवायचे कागद:

- पॅन, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा
- विक्रीसाठी आयात करत असाल तर आयात-निर्यात कोड, म्हणजे आयईसी
- विक्रेत्याचं प्रोफॉर्मा इन्व्हॉइस, म्हणजे माल पाठवण्याआधीचं कच्चं बिल, त्यात शास्त्रीय नाव, नग किंवा वजन आणि मूळ देश
- जिथे रोपं वाढवणार त्या जागेचा पत्ता
- क्वारंटाइनची अट असेल तर त्या जागेची मंजुरी

शेवटच्या कागदावर बरेच जण अडकतात. काही झाडं आल्यावर ठरावीक काळ वेगळ्या, बंदिस्त जागी वाढवून तपासावी लागतात. त्या जागेला नेमलेल्या तपासणी अधिकाऱ्याची मंजुरी अर्जाच्या वेळीच हातात असावी लागते. माल आल्यावर शेडनेट उभारू, असं चालत नाही.

अर्जात ‘लागवडीसाठी’ आणि ‘खाण्यासाठी’ हे वेगळे रस्ते आहेत. खाण्याच्या नावाखाली बी आणून पेरायला परवानगी नाही. माल जिथे उतरणार त्या बंदराचं किंवा विमानतळाचं नावही इथेच द्यावं लागतं. लागवडीचा माल कुठल्याही विमानतळावर उतरवता येत नाही, ठरावीक केंद्रांतूनच येतो. आपल्याला सोयीचं मुंबई. अहमदाबाद जवळ आहे म्हणून विक्रेत्याला परस्पर अहमदाबादचं तिकीट लावू देऊ नका.

परमिट साधारणपणे सहा महिने चालतं आणि मुदत वाढवून मिळते. हातात आलं की त्याची प्रत विक्रेत्याला पाठवा आणि मगच माल पाठवायला सांगा.

६. फायटो नीट वाचून घ्या

फायटो हे निर्यात करणाऱ्या देशाच्या सरकारी वनस्पती संरक्षण यंत्रणेनेच द्यायचं असतं. विक्रेत्याच्या लेटरहेडवरचं ‘प्लांट हेल्थ सर्टिफिकेट’ चालत नाही, कितीही शिक्के असले तरी. ऑनलाइन बाजारात ‘फायटोसह’ असं लिहिलेलं असतं. पैसे भरण्याआधी नमुना मागा.

माल निघण्याआधी स्कॅन मागवून एवढं ताडून पाहा: तुमचं नाव आणि पत्ता परमिटप्रमाणे आहे का, शास्त्रीय नाव तेच आहे का, नग जुळतात का, मूळ देश लिहिलाय का, आणि चौथ्या पायरीत उतरवून ठेवलेल्या अतिरिक्त घोषणा शब्दशः आल्या आहेत का. परमिटमध्ये औषधप्रक्रिया सांगितली असेल तर औषधाचं नाव, प्रमाण, वेळ, तापमान हेही फायटोवर हवं. घोषणेतल्या एका किडीचं किंवा विषाणूचं नाव राहिलं तरी तुमची रोपं मुंबईत पडून राहतात, आणि जिवंत रोपाला थांबणं सोसत नाही. विक्रेता “नेहमी असंच पाठवतो, काही होत नाही” म्हणाला तरी ऐकू नका. चूक निघाली तर भुर्दंड तुमच्यावर येतो, त्याच्यावर नाही.

दुसरी अडचण मूळ देशाची. नेदरलँड्सचा व्यापारी पाठवतो, पण कंद वाढलेला असतो केनियात. अशा वेळी पुनर्निर्यातीचं फायटो लागतं आणि सोबत मूळ देशाच्या फायटोची प्रत.

७. बांधणी

मातीचा कणही नको. मातीत सूत्रकृमी, बुरशी, तणाचं बी, किडींचे कोष, सगळं असतं आणि डोळ्यांना दिसत नाही. मुळं धुऊन, उघडी करून पाठवायला सांगा. गवत किंवा पेंढा भरू देऊ नका. लाकडी खोका असेल तर त्यावर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह असलेला आंतरराष्ट्रीय शिक्का हवा. लाकूड उष्णता किंवा धुरी देऊन निर्जंतुक केल्याची ती खूण असते. ऑर्किडमध्ये मी बाटलीतली ऊतिसंवर्धित रोपं पसंत करते. त्यात माती, कीड, गोगलगाय येण्याचा प्रश्नच नसतो. विषाणू मात्र त्यातूनही येऊ शकतात, म्हणून परमिट आणि फायटो त्यांनाही लागतात.

८. मुंबईत माल उतरल्यावर

जिवंत रोपांचा अनुभव असलेला कस्टम एजंट आधीच ठरवून ठेवा. माल सोमवार-मंगळवारी उतरेल असं बघा, शुक्रवारी रात्री नको. क्वारंटाइन अधिकारी कागद तपासतात, नमुना घेतात, लागलं तर धुरी देतात आणि मग सोडपत्र मिळतं. ते नाही मिळालं तर माल परत पाठवला जातो किंवा नष्ट करतात, आणि त्याचा खर्च तुमचा. सोडपत्राची प्रत जपून ठेवा.

तपासणीत वेळ जातो तेव्हा राग येतो. पण तिथल्या माणसांसमोर रोज येणाऱ्या ढिगातून नमुनाच तपासता येतो, आणि ते शोधत असतात ती गोष्ट बहुधा टाचणीच्या टोकाएवढी असते. पोस्टाची पाकिटं आणि प्रवाशांच्या बॅगा तर वेगळ्याच. कितीही यंत्रं बसवली तरी या वाटेने सुटणारं सुटतंच. आपण कागद पूर्ण ठेवले तर त्यांचा वेळ खऱ्या संशयास्पद मालाला मिळतो.

९. घरी आल्यावर वेगळं ठेवा

सक्ती नसली तरी नवी रोपं बाकीच्या बागेपासून दूर, जाळीखाली ठेवा. किमान दीड-दोन महिने. पानांची खालची बाजू, पेरं, मुळांची टोकं भिंगाने बघा. पिठ्या ढेकूण, खवले कीड, फुलकिडे, पांढरी माशी हे पाहुणे तिथेच लपतात. त्या रोपांसाठी कात्री, झारी आणि हातमोजे वेगळे. निचऱ्याचं पाणी गटारात सोडू नका. मेलेलं रोप कंपोस्टात न टाकता पिशवीत बंद करून उन्हात पूर्ण वाळवा.

हे अति वाटलं तर पपईवरचा पिठ्या ढेकूण आठवा. मध्य अमेरिकेतली ही कीड २००८ साली कोइम्बतूरजवळ दिसली आणि बघता बघता तामिळनाडूतल्या पपई, तुती आणि टॅपिओकाच्या मळ्यांवर पसरली. फवारण्यांनी आवरली नाही. शेवटी २०१० साली तिचे नैसर्गिक शत्रू असलेले परजीवी कीटक प्वेर्तो रिकोहून आणून सोडले तेव्हा ती आटोक्यात आली. असा उपाय दर किडीला मिळत नाही.

१०. बॅगेतून किंवा पोस्टाने आलेलं बी

नातेवाइकांना आधीच सांगा: बी, कंद, कलम काही आणू नका. तरी आणलंच, तर विमानतळावर भरायच्या घोषणापत्रात बी-रोपांचा रकाना असतो. तिथे खरं लिहायचं आणि कस्टमच्या लाल मार्गाने, म्हणजे घोषित करायचं सामान असणाऱ्यांच्या रांगेतून, जाऊन दाखवायचं. ते काढून घेतील, पण लपवलेलं सापडण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

न मागवता बियांचं पाकीट आलं तर? २०२० साली अनेक देशांत लोकांना अशी अनोळखी पाकिटं आली आणि त्या ऑगस्टमध्ये आपल्या कृषी मंत्रालयानेही राज्यांना आणि कृषी विद्यापीठांना सावध केलं होतं. असं पाकीट उघडू नका, पेरू नका, कचऱ्यातही टाकू नका, कारण कचऱ्याच्या ढिगावर ते आरामात उगवतं. वेष्टनासकट पिशवीत बंद करा आणि जिल्हा कृषी कार्यालयात नेऊन द्या.

आणि बागेत कधी न पाहिलेली कीड किंवा जोमाने पसरणारं अनोळखी रोप दिसलं तर उपटून रस्त्यावर फेकण्याआधी फोटो काढा: पानाची दोन्ही बाजू, फूल, खोड, शेजारी नाणं ठेवून. फोटो कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा आणंद कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाकडे पाठवा. नमुना न्यायचा असेल तर किडीसाठी झाकणाची बाटली वापरा, आणि रोप वर्तमानपत्रात दाबून बंद पाकिटात न्या, म्हणजे वाटेत काही सांडणार नाही.